लिंबो : बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचा इतिहास

ग्रीन कार्डासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना 'लिंबो' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. नोकरी बदलता येत नाही, घर घ्यावे की नाही ते ठरत नाही, आणि वकिलाला फोन करावा तर तो सांगतो की फाइल अजून लिंबोत आहे. ऑफिसातही वरिष्ठांच्या सहीसाठी अडकलेले प्रोजेक्ट लिंबोत जाते. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मुळात कोठून आला, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही.

लॅटिन भाषेत 'लिंबस' म्हणजे कापडाचा काठ, किनार. मध्ययुगातल्या युरोपात धर्मपंडितांनी नरकाच्या अगदी कडेच्या भागाला हे नाव दिले. तेथे आगीचा ताप नाही, पण देवाचे दर्शनही नाही. बाप्तिस्मा होण्यापूर्वी मरण पावलेली तान्ही बाळे अनंतकाळ तेथे राहतात, असे कॅथलिक जगात कित्येक शतके शिकवले गेले. ही शिकवण कशी जन्मली, आपल्या किनाऱ्यावर कशी पोचली आणि २००७ साली तिचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

हा विषय मंडळाच्या पुरवणीत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण मराठीत प्रार्थना करणारे कॅथलिक हेही आपल्यातलेच आहेत. मी वसईचा. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट करायला अमेरिकेत आलो, मग गाड्यांच्या ब्रेकसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या कामात पडलो आणि ट्रॉयमध्ये स्थायिक झालो. इतिहास हा माझा विषय नव्हे. एका प्रश्नाने मला त्यात ओढले, आणि तो प्रश्न सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे बरोबर होणार नाही.

तिसऱ्या दिवसाचा प्रश्न

सात वर्षांपूर्वी आमची मुलगी गर्भातच गेली. अडतिसावा आठवडा होता. पाळणा आणून ठेवला होता, वसईहून दुपटी आली होती. बाप्तिस्मा हा संस्कार जिवंत माणसाचा. मृत बाळाला तो देता येत नाही, हा चर्चचा नियम आम्हां दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होता. हॉस्पिटलात आलेल्या धर्मगुरूंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आम्ही ठरवलेल्या नावाने तिला हाक मारली आणि प्रार्थना म्हटली. माणूस मनाने फार मऊ होता.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा माझ्या पत्नीने त्यांना विचारले, "फादर, ती आता कुठे आहे?" ते म्हणाले, "देवापाशी." त्यावर ती म्हणाली, "हे तुम्हांला ठाऊक आहे, की आम्हांला बरे वाटावे म्हणून सांगता?" फादर गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा मला त्या वेळी राग आला होता. पुढे कितीतरी महिने ती मिस्साला आली नाही. मी जात राहिलो, पण श्रद्धांगीकार म्हणताना माझे ओठ मिटत. रात्री झोप येत नसे तेव्हा मी वाचू लागलो. चर्चला काय ठाऊक आहे, ते कधीपासून ठाऊक आहे आणि कशाच्या आधारावर, एवढेच मला पाहायचे होते. एखाद्या सिस्टिममध्ये दोष सापडला की आपण मूळ आराखड्यापर्यंत मागे जातो, तसाच हा प्रकार.

संत ऑगस्टिन आणि त्यांचा मुलगा

मागे जाता जाता मी पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत पोचलो. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन (३५४ ते ४३०) यांचा त्या काळी पेलाजियस नावाच्या तपस्व्याशी आणि त्याच्या अनुयायांशी मोठा वाद चालला होता. माणूस जन्मतः निर्दोष असतो आणि स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो, असे पेलाजियसपंथी म्हणत. ऑगस्टिनचा सवाल असा : मग चर्च तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा का देते? बाप्तिस्मा पापक्षालनासाठी आहे. बाळाने स्वतः काही केलेले नाही. म्हणजे आदामापासून आलेले जन्मपाप त्याच्यात असलेच पाहिजे. एवढे मान्य केले की पुढची पायरी टाळता येत नाही : ज्याचे हे पाप धुतले गेले नाही, त्याला स्वर्गात प्रवेश नाही. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळे नरकात जातात, मात्र त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असते, असे ऑगस्टिननी लिहिले. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते धिक्कारली, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ऑगस्टिनचा शब्द पुढे शतकानुशतके प्रमाण ठरला. पूर्वेकडचे ग्रीक धर्माचार्य या प्रश्नावर इतके कठोर कधीच झाले नाहीत.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले होते. मग कळले की ऑगस्टिननाही मुलगा होता आणि तोही गेला होता. ऑगस्टिन धर्माकडे वळण्यापूर्वीच्या सहजीवनातून झालेला हा मुलगा, अदेओदातुस. नावाचा अर्थ 'देवाने दिलेला', म्हणजे आपला देवदत्तच म्हणा. ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांच्या हातून बापलेकांचा बाप्तिस्मा एकाच वेळी झाला. दोनतीन वर्षांत, सोळासतरा वर्षांचा असताना, मुलगा वारला. पोर इतके बुद्धिमान होते की एका ग्रंथात बापाने त्याच्याशी झालेला संवाद लिहून ठेवला आणि त्यातले मुलाचे विचार खरोखर त्याचेच आहेत अशी ग्वाही दिली. 'कन्फेशन्स' या आत्मकथनात ऑगस्टिन त्याच्या मृत्यूबद्दल लिहितात तेव्हा म्हणतात की मुलाच्या बाबतीत आता आपल्याला कसलीही भीती वाटत नाही. त्या निर्धास्तपणाला कारण होते. मुलाचा बाप्तिस्मा झालेला होता.

तरीही हा प्रश्न त्यांना टोचत राहिला असावा. ४१५ च्या सुमारास बेथलेहेमला राहणाऱ्या संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात ते कबूल करतात की बाळांच्या शिक्षेचा विषय निघाला की आपण कोंडीत सापडतो आणि काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. पुढच्या हजार वर्षांत ऑगस्टिनचा सिद्धांत सर्वांनी उचलला. ही कोंडी मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिली.

काठावरची जागा

बाराव्या शतकात पॅरिसचा आबेलार म्हणाला की बाळांना आग वगैरे काही नाही, देवदर्शनाला मुकणे हीच त्यांची शिक्षा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यावर आणखी विचार केला. बाळांना आपण कशाला मुकलो हे ठाऊकच नसते, त्यामुळे त्यांना दुःखही होत नाही. ती आपल्या परीने सुखातच असतात, असे त्यांनी मांडले. पुढे दांतेने आपल्या महाकाव्यात नरकाचे पहिले वर्तुळ याच लोकांना दिले. बाळे तेथे आहेत आणि व्हर्जिलसारखे ख्रिस्तपूर्व काळातले थोर कवीही तेथेच आहेत.

लिंबो ही कल्पना मुळात क्रूरपणाची नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. ऑगस्टिनच्या निष्कर्षातली आग विझवण्यासाठी काढलेली ती तोड होती. आमच्या धंद्यात मूळ गृहीतकाला हात लावायची परवानगी नसली की आपण जसा 'पॅच' लावतो, तसा हा पॅच होता. बाळाचे दुःख त्याने दूर केले. पण आईबापांना पुन्हा आपले लेकरू भेटेल का, याचे उत्तर 'नाही' असेच राहिले.

आईबापांनी काय केले

ग्रंथांत हे चालले असताना सामान्य आईबापांनी काय केले, याचा इतिहास मला जास्त बोलका वाटला. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि आसपासच्या मुलखात मध्ययुगाच्या अखेरीपासून काही विशिष्ट देवळे प्रसिद्ध होती. मृत जन्मलेले बाळ घेऊन बाप तेथे मैलोन्‌मैल चालत जाई. बाळाला मारियेच्या मूर्तीपुढे ठेवत, निखाऱ्यांनी आणि मेणबत्त्यांनी ऊब देत, ओठांवर हलकेसे पीस ठेवत. पीस हलले, किंवा गालांवर रंग आल्यासारखा वाटला, की क्षणभर जीव परत आला असे मानून तेवढ्यात बाप्तिस्मा उरकत आणि मग बाळाला पवित्र भूमीत पुरत.

बर्नजवळच्या ओबरब्युरेन येथे असे एक देऊळ होते. कॉन्स्टन्सच्या बिशपने १४८६ साली या प्रकाराविरुद्ध रोमकडे तक्रार केली होती. १५२८ साली बर्नमध्ये प्रोटेस्टंट सुधारणा आली आणि देऊळ पाडले गेले. १९९० च्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे अडीचशे अर्भकांचे सांगाडे सापडले. काही तर पूर्ण दिवसांचेही नव्हते. अठराव्या शतकात रोमने ही प्रथा निषिद्ध ठरवली, तरी ती लगेच थांबली नाही.

आयर्लंडमध्ये 'किलीन' नावाच्या जागा आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना दफनभूमीत जागा नसे, म्हणून जुन्या पडक्या मठांच्या आवारात, शेताच्या बांधावर, समुद्रकाठी त्यांना पुरत. बहुधा रात्री, आणि बहुधा एकटा बापच जाई. खूण म्हणून एखादा साधा दगड ठेवत. अशा जागा देशभर शेकड्यांनी आहेत आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या वापरात होत्या. अलीकडच्या काळात गावोगावच्या लोकांनी त्यांतल्या अनेक जागांची साफसफाई करून तेथे स्मारकशिळा बसवल्या आहेत.

या लोकांना अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्याबद्दल आदर वाटतो. चर्च सोडायची त्यांची तयारी नव्हती आणि लेकरूही सोडायची नव्हती. नियमाच्या आतच एक फट शोधून ते तीतून बाळाला पलीकडे पोचवू पाहत होते.

आपला किनारा

आता आपल्याकडे येऊ. गोव्यात ज्यांचे शव आजही बॉम जेझू चर्चमध्ये आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्याला उतरले आणि १५४९ साली जपानला गेले. जपानहून परतल्यावर २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना एक लांबलचक पत्र लिहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या जपानी लोकांना सर्वांत जास्त कशाचे दुःख होते, ते त्यात सांगितले आहे. नरकातून सुटका नाही, हे त्यांना सोसवत नसे. आपले मेलेले आईबाप, बायका, मुले यांच्यासाठी काहीच करता येणार नाही का, दानधर्म करून, प्रार्थना करून काही उपयोग होणार नाही का, असे ते पुन्हा पुन्हा विचारत आणि रडत. झेवियर सांगत की उपाय नाही. या दुःखामुळे ते निदान स्वतःच्या उद्धाराची काळजी घेतील, असेही ते पत्रात म्हणतात. पण आपल्या जिवलग मित्रांना उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटल्यावाचून राहत नाही, हेही त्याच पत्रात आहे.

हे पत्र मी अनेकदा वाचले. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलेला एक मनस्वी माणूस समोर रडणाऱ्या आईला पाहतो, त्याचे स्वतःचे मन हलते, आणि तरी तो नियमच सांगतो. जपानचे नाव आम्हां वसईकरांना परके नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले, आणि १८६२ साली संतपदाला पोचले. लहानपणी त्यांची गोष्ट ऐकताना जपान म्हणजे हुतात्म्यांचा देश एवढेच डोक्यात बसले होते. त्याच देशात कोणी आपल्या मेलेल्या लेकरासाठी झेवियरांपुढे रडले होते, हे कोणी सांगितले नव्हते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, हे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मराठी भाषेवर इतके प्रेम करणारा हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत गुंफली, म्हणून ती इथल्या लोकांच्या तोंडी बसली. पण त्या काळी युरोपातून येणाऱ्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरींत पाताळाचे चार कप्पे ठरलेले असत : नरक, शुद्धिस्थान, जुन्या पितरांचा लिंबो आणि बाळांचा लिंबो. कथेला इथली भाषा मिळाली. नकाशा मात्र युरोपातून आला तसाच राहिला.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली. राज्य बदलले, पाद्री कमी झाले, तरी ख्रिस्ती वस्ती टिकली. अशा समाजात सुईणीला फार महत्त्व. अडचणीच्या वेळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, योग्य हेतूने पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, असा चर्चचा नियम आहे. म्हणून सुईणीला ते चार शब्द पाठ असावे लागत.

माझ्या आजीच्या वेळी सुईण होती, पण बाळ तिच्याही आधी गेले. ही १९४० च्या दशकातली गोष्ट. आजीचा तो पहिला मुलगा. त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, बावखलाकडे जाणाऱ्या वाटेवर पुरले. ते कोणत्या धर्मग्रामात, कोणत्या फादरांच्या वेळी, ते येथे सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे तसेच होते. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चचे दफन देऊ नये असे स्पष्ट लिहिले होते. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजी घरातल्या थडग्यांसाठी लागतील त्यापेक्षा एक मेणबत्ती जास्त घेई आणि ती भिंतीबाहेर लावून येई. आम्ही पोरे विचारत असू, "ही कोणाची?" ती म्हणे, "वाटेवरच्याची." माझ्या वडिलांनी मला खरा अर्थ सांगितला तो आमची मुलगी गेल्यावर, फोनवर.

तुकोबांचा आधार

त्या दिवसांत ट्रॉयमधल्या आमच्या हिंदू मित्रांनी आम्हांला सांभाळले. तीन आठवडे घरात स्वयंपाक करावा लागला नाही, डबे येत राहिले. कोणी म्हणाले ऋणानुबंध तेवढाच होता, कोणी काहीच न बोलता बसून राहिले. लहान बाळाला दहन न देता पुरायचे असते हे एका मित्राच्या आईने सांगितले, तेव्हा हेही लक्षात आले की बाळाचा मृत्यू वेगळा, त्याला मोठ्यांचे नियम लागत नाहीत, असे आपल्या परंपरेलाही वाटले आहे.

मला मात्र सगळ्यांत जास्त आधार तुकोबांचा वाटला. त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले. त्यानंतर ते विठ्ठलाशी भांडले, त्याला दूषणे दिली, तो आहे की नाही असे विचारले, आणि भजन सोडले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रोटेस्टंट होते, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते म्हणत. माझा प्रवास उलटा झाला. त्या पुलावरून मागे आलो तेव्हा बायबलातली स्तोत्रे मला नव्याने कळली. त्यांतही अर्धी भांडणेच आहेत. देवाला जाब विचारणे ही नास्तिकता आहे, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. तो गेला.

नियम कसा सैल झाला

विसाव्या शतकात हा नियम कसा बदलला, याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९५१ च्या ऑक्टोबरात पोप बारावे पायस यांनी इटलीतल्या सुईणींपुढे भाषण केले, त्यात बाळांसाठी बाप्तिस्म्याशिवाय दुसरा मार्ग नाही असेच बजावले. पण १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने पवित्र आत्मा प्रत्येक माणसाला तारणाची संधी देतो. १९६९ साली अंत्यविधीचा नवा ग्रंथ आला. त्यात बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळाच्या अंत्यविधीसाठी प्रार्थना होत्या. १९८३ च्या नव्या संहितेने, आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती अशा बाळाला बिशपच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी देण्याची मुभा दिली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचे नावच नाही. या बाळांना देवाच्या दयेवर सोपवावे, असे तेथे म्हटले आहे.

म्हणजे प्रार्थना आधी बदलली आणि सिद्धांत नंतर. शवपेटीसमोर उभ्या असलेल्या धर्मगुरूला काहीतरी म्हणावे लागतेच. ग्रंथ लिहिणाऱ्याला थांबता येते.

२००४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आंतरराष्ट्रीय धर्मतत्त्व आयोगाला हा प्रश्न तपासायला सांगितले. त्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष भारतातले सेलेशियन धर्मगुरू फादर डॉमिनिक वेलियथ होते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने हा अहवाल एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच बेनेडिक्ट १९८५ साली, कार्डिनल रात्सिंगर असताना, आपल्याला व्यक्तिशः लिंबोची कल्पना सोडून द्यावीशी वाटते असे म्हणाले होते.

अहवालाचे सार असे : लिंबो हा कधीच श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत नव्हता. ते पंडितांचे एक मत होते, आणि कोणाला बाळगायचे असल्यास आजही बाळगता येईल. पण ही बाळे देवदर्शनाला पोचतात अशी आशा बाळगायला भक्कम कारणे आहेत. ही आशा आहे, निश्चित ज्ञान नव्हे, असेही अहवाल बजावतो. कारणांमध्ये बेथलेहेमच्या बाळांचा दाखला आहे. हेरोद राजाने मारलेल्या त्या बाळांचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आणि तरी चर्च पूर्वापार २८ डिसेंबरला त्यांचा सण पाळते, त्यांना संत मानते. हे वाचून इंजिनिअर म्हणून मला हसू आले आणि रडूही. नियमाला अपवाद आहे हे दरवर्षी नाताळानंतर तीन दिवसांनी जाहीर होत होते. भिंतीबाहेर बाळ पुरून आलेल्या आईबापांना तेवढे कोणी दाखवून दिले नाही.

डेट्रॉइटचा द्वारपाल

ट्रॉयहून अर्ध्या तासावर, डेट्रॉइटच्या माउंट एलियट स्ट्रीटवर, सेंट बोनाव्हेंचर नावाचा कॅपुचिन मठ आहे. तेथे १९२४ ते १९४५ या काळात फादर सोलॅनस केसी दारावर बसत. अभ्यासात ते मागे पडले, म्हणून १९०४ साली त्यांना दीक्षा देताना अट घातली गेली की त्यांनी पापनिवेदन ऐकायचे नाही आणि धर्मसिद्धांतांवर प्रवचन द्यायचे नाही. मग त्यांना दार उघडण्याचे काम मिळाले. मंदीच्या काळात नोकरी गेलेले, आजारी, मुले गमावलेले असे असंख्य लोक त्यांच्याकडे येत. ते प्रत्येकाचे ऐकून घेत आणि वहीत नोंद करत. १९५७ साली ते वारले. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी फोर्ड फील्ड स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर त्यांना धन्यवादित घोषित केले गेले.

सिद्धांत सांगायची ज्याला मनाई होती, त्याच्याच दारी दुःखी माणसे रांग लावत होती. इतका इतिहास वाचल्यावर मला याचे आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडे आलेले धर्मगुरू माझ्या पत्नीच्या प्रश्नावर गप्प राहिले, तेही आता मला वेगळे दिसते. 'ठाऊक आहे' असे म्हणणे सोपे होते. ऑगस्टिनना जेरोमपुढे जे कबूल करावे लागले, तेच फादर न बोलता कबूल करत होते.

आशा आणि माहिती

ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आशा आहे' असे लिहून चालत नाही. तेथे सिद्ध करावे लागते. म्हणून सुरुवातीला २००७ चा अहवाल मला पळवाट वाटला. पंधराशे वर्षे ठामपणे 'नाही' सांगितले आणि शेवटी 'कदाचित हो' म्हणता, असे वाटले. मग हळूहळू कळले की चूक त्या ठामपणात होती. जे सांगितले गेलेच नव्हते, ते ठाऊक असल्यासारखे सांगितले गेले, आणि त्याची किंमत ओबरब्युरेनच्या बापांनी, जपानच्या आयांनी आणि माझ्या आजीने मोजली. आजीची मेणबत्ती तेव्हाच्या नियमात बसत नव्हती. आज चर्च जे म्हणते ते तिने साठ वर्षे आधी करून ठेवले होते, आणि ती १९९१ साली गेली, म्हणजे हे ऐकायला ती उरली नाही. याबद्दलची माझी खंत गेलेली नाही आणि ती जावी असेही मला वाटत नाही.

माझी पत्नी अजून दर रविवारी मिस्साला येत नाही. २ नोव्हेंबरला येते. श्रद्धांगीकार मी आता पूर्ण म्हणतो. काही ओळी मला पटलेल्या आहेत म्हणून म्हणतो, आणि काही ओळी माझ्या लेकीसाठी मागणे म्हणून म्हणतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत असे बाळ गेलेले असते आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. कॅथलिक कुटुंब असेल तर त्यांना सांगा की अशा बाळासाठी चर्चमध्ये अंत्यविधी होऊ शकतो, नाव ठेवता येते, इथल्या कॅथलिक दफनभूमीत जागा मिळते. आमच्या मुलीला ती मिळाली, भिंतीच्या आत. कुटुंब कोणत्याही धर्माचे असो, बाळाचे नाव विचारा, आणि पुढच्या वर्षी त्या तारखेला एक फोन करा. ती कुठे आहे, हे आपण कोणीच सांगू शकत नाही. ती होती, एवढे आपण सगळे सांगू शकतो.